मदत हवी आहे: हे कवच सुपरनोव्हाचा अवशेष की नुसता एचटू प्रदेश (आयनीभूत हायड्रोजनचा ढग)?

नमस्कार मंडळी,

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने केलेल्या टीजीएसएस या आकाश-सर्वेक्षणाच्या १५० मेगाहर्ट्झच्या प्रतिमा चाळतोय. आकाशगंगेच्या प्रतलात, गरुड तारकासमूहात, साधारण १२ आर्कमिनिटांचं एक तुटकं कवच दिसतंय. ग्रीन यांच्या सुपरनोव्हा-अवशेषांच्या यादीत (तिच्यात सगळे मिळून ३००च्या आसपासच अवशेष आहेत) त्या जागी नोंद नाही.

वाइझ या अवरक्त अवकाश-दुर्बिणीच्या २२ मायक्रॉनच्या प्रतिमेत तिथे जवळपास काहीच नाही. एचटू प्रदेश असता तर तापलेली धूळ चांगली झळकली असती, म्हणून आशा वाटते.

घोडं अडलंय स्पेक्ट्रल इंडेक्सवर (वारंवारितेनुसार रेडिओ तेज किती बदलतं ते सांगणारा घातांक). कवचरूपी अवशेषांचा तो -०.५च्या आसपास असतो, एचटू प्रदेशांचा -०.१. एनव्हीएसएसच्या (अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ अँटेनांच्या मांडणीने केलेलं सर्वेक्षण) १.४ गिगाहर्ट्झशी तुलना केली तर माझा -१.१ येतो. इतका तीव्र उतार पटत नाही. माझा संशय असा, की इतकं पसरट उत्सर्जन एनव्हीएसएसला पुरतं पकडता येत नाही, कारण त्या मांडणीत जवळजवळच्या अँटेनांच्या जोड्या कमी. दोन्ही प्रतिमांची विभेदनक्षमता ४५ आर्कसेकंदांवर आणलीच आहे, पण त्याने हरवलेला फ्लक्स (मोजलेलं एकूण तेज) थोडाच परत येतो!

तर, व्हीजीपीएसची (व्हीएलएनेच केलेलं आकाशगंगेच्या प्रतलाचं सर्वेक्षण) १४२० मेगाहर्ट्झची प्रतिमा वापरू का? तिच्यात एफेल्सबर्गच्या एकल डिशची माहिती मिसळलेली आहे. पण विभेदन १ आर्कमिनिट, त्यामुळे कवचावरचे बिंदुस्रोत आधी कसे वजा करायचे? की सरळ टी-टी आलेख (दोन वारंवारितांची तेज-तापमानं एकमेकांसमोर मांडून उतार काढायचा) काढू? कुणी केलं असेल तर पायऱ्या सांगा. ध्रुवीकरण तपासायला कुठला खुला डेटा बरा, तेही सुचवा.