जळालेल्याला सिमेंट हवं की शोधनिबंध?

कुंभारी_नाका
कालपासून फिरणारी पोस्ट बहुतेकांनी वाचली असेल. सार एवढंच: लॉस एंजेलिसला जानेवारी २०२५ मध्ये १६ हजारांवर बांधकामं जळाली, मागोमाग विद्यापीठं बरण्या घेऊन धावली, पेपर छापले आणि लोक अजून भाड्याच्या घरात. म्हणून सोलापुरात आगीनंतर विद्यापीठाचं पथक मागणारे हौशी आहेत. जळालेल्याला सिमेंट लागतं, शोधनिबंध नाही.

दोन ओळी लिहून सोडणार होतो, खालच्या टाळ्या बघून राहवलं नाही.

सिमेंट ओतायचं कुठल्या मातीवर, ते कोण सांगणार? कॅलिफोर्नियात राडारोडा उचलल्यावर वरची ६ इंच माती काढतात. तिथल्याच पॅराडाइज गावच्या २०१८ च्या आगीनंतर ती काढून झाल्यावर तळाचा नमुना तपासायचे, शिसं जास्त निघालं तर आणखी थर काढायचे. लॉस एंजेलिसला केंद्राच्या आपत्ती खात्याने, ‘फेमा’ने, ही शेवटची तपासणी करायला नकार दिला. मग तिथल्या यूएससी विद्यापीठाने शिशाची मोफत तपासणी सुरू केली, इतर विद्यापीठंही उतरली. जळालेल्या अल्टाडीना भागातली बरीच घरं जुनी, आणि तिथं घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली १९७८ साली. निवासी मातीसाठी राज्याची पातळी आहे किलोला ८० मिलिग्रॅम. पोराला अंगणात सोडायचं की नाही, हे त्या आकड्यावर ठरतं. तुमच्या सिमेंटच्या गोणीवर असा आकडा छापलेला नसतो.

सिमेंट_आणि_वाळू
पोस्ट माझीच. तुम्ही जे लिहिलंत ते तिथं सरकारने अंग काढून घेतलं त्याचं वर्णन आहे, विद्यापीठाच्या थोरवीचं नाही. सरकारचं काम प्राध्यापकांनी फुकटात केलं, याचा आनंद कसला?

आणि सोलापूरला जंगल कुठंय हो? नान्नजचं माळरान पेटलं तर माळढोकाला धोका, अशोक चौकाला नाही. तिकडचा वणवा इकडं आणून चिकटवू नका. माती तपासायची तर सरकारी माती परीक्षण आहे, शेतकरी रोज पिशव्या नेतात.

काळी_भेग
सरकारी माती परीक्षणात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश आणि जस्त, लोह, मंगल, तांब्यासारखी सूक्ष्मद्रव्यं. शिसं त्यात नाही. डाळिंबाला काय घालायचं ते सांगेल, राख विषारी आहे का ते सांगणार नाही.

जंगलाचं म्हणाल तर पहिलं घर पेटल्यावर जळण घरंच असतात. ठिणग्या उडतात, घरावरून घरावर आग जाते, झाडं कधीकधी हिरवीच उभी राहतात. हवाईतल्या लहायनाला ऑगस्ट २०२३ च्या आगीत शंभरावर माणसं गेली. ती आग ज्या गवतामुळे पसरली, ते वाढलं होतं बंद पडलेल्या उसाच्या रानात. तिथला साखर कारखाना १९९९ ला बंद झाला. उसाच्या जिल्ह्याने हे जरा लक्षात घ्यावं.

पण कुंभारी_नाका, तुमचे ६ इंच इथं चालणार नाहीत. आपली काळी माती उन्हाळ्यात हात-हातभर भेगाळते. मे महिन्यात आग लागली की राख थेट भेगेत उतरते, वळवाचा पाऊस पडला की भेग मिटते आणि राख आत गाडली जाते. वरून ६ इंच खरवडून ‘साफ’ म्हणायचं म्हणजे फसवणूक. नमुना पावसाआधीच घ्यायचा, तोही दोन जागचा: भेगांच्या मधल्या ढेकळावरचा वरचा इंचभर वेगळा, भेगेतला वेगळा. एकत्र कालवला की दोन्हीचा अर्थ गेला.

दुसरी गोम. दख्खनच्या बेसॉल्टमधून झालेल्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच जास्त. परदेशी तक्ता लावला तर न जळालेलं रानही प्रदूषित ठरेल. म्हणून त्याच भागातली, न जळालेली, वाऱ्याच्या उलट बाजूची माती तुलनेला हवी. बेसॉल्टमध्ये शिसं कमी असतं, त्यामुळे आपल्याकडे ते वाढलेलं दिसलं तर बाहेरून आलंय असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी मातीतले धातू मोजणारं) लावण्याआधी माती वाळवून चाळून घ्या. ओलीवर लावलं तर आकडा कमी येतो आणि सगळे खूश होतात. दहातला एखादा नमुना आम्लात विरघळवून लॅबमध्ये ताडून बघायचा. हे इथली माती ओळखणाऱ्याचं काम आहे, कॅलिफोर्नियाहून कुणी येऊन करणार नाही.

पूर्वभाग_कांडी
मातीचं कौतुक पुरे. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जण गेले. ते मातीतल्या शिशाने गेले का? राज्याच्या २००६ च्या आगप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी भरायचा असतो, अग्निशमन यंत्रणा चालू आहे म्हणून. किती कारखान्यांचे पंप खरंच सुरू करून बघितले जातात, सुताच्या गाठींमधून बाहेर पडायची वाट किती फूट ठेवतात, त्यावर करा की संशोधन. आग लागल्यावर कसलं करताय!

आणि सूत कसं जळतं हेही बाहेरच्यांना कळत नाही. दाबलेली गाठ वरून विझते, आत धुमसतच राहते. पाणी आत शिरत नाही. गाठ बाहेर ओढून, फोडून, पसरून भिजवावी लागते, नाहीतर पुन्हा पेट घेते. डाईंगवाल्याकडे हायड्रोचे (सोडियम हायड्रोसल्फाइटचे) ड्रम असले तर आणखी वांधा: त्याला थोडं पाणी लागलं की ते स्वतःच तापून पेटतं, गंधकाचा धूर सोडतं. ड्रम कुठं ठेवलेत हे गेटवर लिहिलेलं असलं तर बंबवाला वाचेल. यात पीएचडी कुठं आली?

कुंभारी_नाका
हे ‘वाट किती फूट’ मोजून, नकाशावर मांडून प्रशासनापुढे ठेवणं हेच विद्यापीठाचं काम आहे की. तुम्ही माझीच बाजू मांडताय, फक्त रागाने.

फेरूल
सगळे मातीवरच. पाण्याचं कुणी बोलेना. आग विझली की पहिला सल्ला ‘पाणी उकळून प्या’. उकळलं की विषय संपला.

काळी_भेग
नेमका हाच सल्ला घातक. बेन्झीन, म्हणजे कर्करोग आणणारं रसायन, असलेलं पाणी उकळलं की ते वाफेतून बंद स्वयंपाकघरात पसरतं आणि श्वासात जातं. उकळून जंतू मरतात, बेन्झीन नाही. २०१७ च्या आगीनंतर कॅलिफोर्नियातल्या सान्ता रोझाच्या नळपाण्यात एका नमुन्यात ते ४०,००० भाग प्रति अब्ज सापडलं, तिथली केंद्राची मर्यादा ५. जळकं प्लास्टिक आणि धूर, दोन्ही दाब गेलेल्या नळात ओढले गेले. पर्ड्यू विद्यापीठाचे अँड्र्यू वेल्टन आणि इतरांनी तिथल्या आणि पॅराडाइजच्या पाण्याचा अभ्यास केला, म्हणून हे नीट कळलं.

फेरूल
तिथं दाब आगीमुळे गेला. आपल्या शहरात नळाला दाब असतो कधी? काही दिवसांनी एकदा पाणी, मधल्या काळात नळी रिकामी. आग लागली तर धूर ओढायला वाट मोकळीच. तुमच्या पेपरात या हिशेबाची पाइपलाइन आहे का?

काळी_भेग
नाही. म्हणूनच इथं अभ्यास हवा.

फेरूल
मग अभ्यास होईपर्यंत काय करायचं ते ऐका. जळाल्या भागातल्या घराचं कनेक्शन आधी फेरूलवर, म्हणजे मुख्य पाइपला नळी जोडलेली असते तिथं, बंद. मीटरपाशी नको, कारण फेरूलपासून मीटरपर्यंतची नळीही तापलेली असते. काळी पडलेली, वाकलेली पीव्हीसी धुऊन वापरायची नाही, कापून टाकायची. नवा तुकडा सोल्यूशन लावून जोडला की लगेच नमुना घ्यायचा नाही, त्या सोल्यूशनचाच वास तपासणीत उतरतो. धुरात सापडलेली प्लास्टिकची काळी टाकी फेकायची. प्लास्टिक बेन्झीन शोषून घेतं आणि आठवडेच्या आठवडे सोडत बसतं. सिमेंटचा हौद उपसून, घासून, दोन पाणी बदलून बघता येतो.

काळी_भेग
बाकी मान्य, हौदाच्या ‘दोन पाण्यां’ना आधार काय? तपासल्याशिवाय कुठलाच आकडा सांगू नका. आणि नमुना नळ सोडून धार वाहू दिल्यावर घ्यायचा नाही. तिथली रीत ७२ तास पाणी नळीत साचवून ठेवायची. प्लास्टिकमधून जे बाहेर यायचं ते साचलेल्या पाण्यातच उतरतं.

फेरूल
७२ तास! आपल्याकडे ७२ तासांनी नळीत पाणी उरतं का, हवा असते. पहिलं पाणी आलं की तुमचा अहवाल ‘स्वच्छ’.

काळी_भेग
बरोबर पकडलंत. तर मग पाणी चालू असतानाच फेरूलजवळचा कॉक आणि घरातला नळ दोन्ही बंद करायचे, नळी भरलेली असताना. तीन दिवसांनी घरातला नळ अगदी बारीक सोडायचा आणि ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरायची, बुडबुडा राहता कामा नये. बुडबुड्यात बेन्झीन निघून जातं. क्लोरीन मारायला कुपीत आधीच चिमूटभर ‘क’ जीवनसत्त्वाची पूड. लगेच बर्फात, ४ अंशाला. प्लास्टिकच्या बाटलीत नेलेला नमुना फेकून द्या. टीडीएस मीटर काहीही दाखवणार नाही, तो क्षार मोजतो.

सिमेंट_आणि_वाळू
बघा, धागा कुठं गेला! आगीत घर गेलेल्याने कॉक फिरवत बसायचं, कुपीत जीवनसत्त्व टाकायचं. माणूस हरेल की.

फेरूल
त्यानं नाही बसायचं. पोरांनी बसायचं, पर्यावरणशास्त्राच्या. त्यासाठीच पथक.

पूर्वभाग_कांडी
पथक आलं, नमुने नेले, अहवाल कुणाच्या हाती? कारखान्याच्या मालकाच्या. खोलीत भाड्यानं राहणारा कामगार विचारायला गेला तर ‘गोपनीय’. पडलेले सिमेंटचे पत्रे तोच झाडतो, खराट्यानं, कोरडे. त्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, आगीत पत्रा फुटतो आणि तंतू उडतात. ओला टॉवेल तोंडाला बांधून ते थांबत नाहीत. साबणाचं पाणी फवारून, तुकडे न मोडता, दुहेरी जाड पिशवीत भरायचे असतात. हे त्याला कुठल्या शोधनिबंधानं सांगितलं?

कुंभारी_नाका
हा मुद्दा खरा. मातीचा, पाण्याचा आकडा आधी राहणाऱ्याला मिळाला पाहिजे, मग मासिकाला. मराठीत आणि शहराच्या पूर्व भागात तेलुगूत. तिकडेही हा वाद आहेच. हवाई विद्यापीठाने लहायनाच्या सुमारे २,००० लोकांची फुप्फुसं, रक्तदाब, मनःस्थिती मोजायला घेतली, तेव्हा स्थानिक लोकांना सोबत घेतलं. लॉस एंजेलिसचा अभ्यास तर १० वर्षांचा आहे. दहाव्या वर्षी आकडा कळून उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणून दोन वेगवेगळी कामं ठेवा: पंधरा दिवसांत घरोघर चिठ्ठी, आणि पाठपुरावा सावकाश.

कोलोरॅडोत २०२१ च्या मार्शल आगीनंतर कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डरच्या लोकांनी उभी राहिलेली घरं तपासली. भिंतींनी धूर शोषलेला होता. खिडक्या उघडल्या की वायू कमी, लावल्या की पुन्हा वाढ. कोळशाची जाळी असलेला पंखा चालू असेपर्यंत उपयोगी, बंद केला की परत तेच. हे लोकांना लगेच सांगितलं तर उपयोगाचं. त्याला पाच वर्षं लागायची गरज नाही.

सिमेंट_आणि_वाळू
चला, पंधरा दिवसांत चिठ्ठी घरी आली, तर मी पोस्ट मागे घेतो. तोपर्यंत ती तशीच राहील. आणि त्या चिठ्ठीत ‘माती बदला’ लिहिलं तर ट्रकचे पैसे कोण देणार तेही लिहा, नाहीतर नुसती भीती पसरवत फिराल.

काळी_भेग
पैसे कोण देणार ते लिहिता येत नसलं तरी किती ट्रक लागतील ते लिहिता येतं. दहा बाय वीस फुटाच्या अंगणात ६ इंच काढायचे म्हणजे १०० घनफूट, ब्रासात जेमतेम एक. भेगेतलं वेगळं मोजा.

पूर्वभाग_कांडी
फॉर्म बीवर मात्र कुणी काही बोलायला तयार नाही. नेहमीचंच बे.

फेरूल
हौदाचं पाणी तपासायला कुठल्या लॅबला द्यायचं, एवढं कुणीतरी सांगा. पुण्याची एक सापडली, ती कुपी द्यायला तयार आहे, पण पूड आपलीच घालायला सांगते.