'फर्स्ट नेम', 'लास्ट नेम' आता पुरे!

आडमुठा:
अर्जांतून हे दोन शब्द हद्दपार करावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. शी जिनपिंग यांचं आडनाव 'शी', आणि ते आधी येतं. हंगेरीतही तसंच. जगासाठी व्हिक्टर ओर्बान, तिथे ओर्बान व्हिक्टर. अशा माणसाने 'लास्ट नेम'पुढे काय भरायचं? 'गिव्हन नेम' आणि 'फॅमिली नेम' म्हणा, प्रश्न मिटला.

खडूस:
मिटला कसला! आइसलँडच्या माजी पंतप्रधान कात्रीन याकोब्सदोत्तिर घ्या. याकोब्सदोत्तिर म्हणजे याकोबची मुलगी. सख्खा भाऊ याकोब्सन. यात 'फॅमिली नेम' कुठलं? तिकडे पंतप्रधानांनाही सरळ 'कात्रीन' म्हणतात. इंडोनेशियाच्या सुकार्णोंना तर नावच एक, तुमची दुसरी चौकट कोरी. फर्स्ट-लास्ट निदान सगळ्यांच्या तोंडी बसलंय. उगाच ढवळाढवळ कशाला?

आडमुठा:
तोंडी तर 'फर्स्ट नेम'ऐवजी 'ख्रिश्चन नेम'ही बसलं होतं! समोरचा ज्यू असो की मुसलमान, इंग्रजीत सर्रास तेच विचारायचे. पडलंच ना मागे? जपान सरकारनेही १ जानेवारी २०२० पासून आपल्या इंग्रजी कागदपत्रांत आडनाव आधी लिहायला घेतलं. मनात आणलं की होतं.

रिकामटेकडी:
मला चीड येते ती 'मेडन नेम'ची. लग्नानंतर पुरुषाने आडनाव बदललं तर त्याचं आधीचं नाव काय म्हणायचं? त्यात बँका ओळख पटवायला आईचं 'मेडन नेम' विचारतात, जणू मोठं गुपित. स्पेनमध्ये ते पोराच्या नावातच असतं. पाब्लो रुईझ पिकासो: रुईझ वडिलांचं, पिकासो आईचं. (आणि गडी प्रसिद्ध झाला तो आईच्याच आडनावाने, हे मला फार आवडतं.)

खडूस:
'बर्थ नेम' म्हणा की. एवढ्यापुरता मी तुमच्या बाजूने. फर्स्ट-लास्टवरून मात्र हटणार नाही.

कीबोर्डवाला:
भांडण कशाला? 'पूर्ण नाव' अशी एकच चौकट ठेवा, खाली विचारा, 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' अर्ज बनवणं हेच माझं काम आहे, अवघड काही नाही.

खडूस:
आणि विमानाचं तिकीट? पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळी असतात ना, तिथे आडनाव आधी, मग '<<' अशी खूण, मग उरलेलं नाव. तुमच्या एका चौकटीतून आडनाव कुठलं ते कोण शोधणार?

कीबोर्डवाला:
ते फक्त तिकिटाच्या अर्जात विचारा. वर्तमानपत्राची वर्गणी भरणाऱ्याला कशाला छळता?