पहिल्या दिवसापासून सगळ्यांना समूह काढू द्यायचे?

नदीकाठ:
'इंटरनेटवर नवं मराठी चर्चेचं व्यासपीठ निघतंय, तर ज्याला हवा त्याला समूह काढू द्या, गर्दी आपोआप जमेल,' असं परवा इथे कुणीतरी लिहिलं. दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये. नाही जमत गर्दी! पाककृतींचे सात समूह निघतात, प्रत्येकात चार माणसं, आणि नवा माणूस सातही ओस बघून परत जातो. रेडिट हे चर्चेचं संकेतस्थळ २००५ मध्ये निघालं, पण लोकांना स्वतःचे समूह काढायची मुभा २००८ मध्ये मिळाली. स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर आधी प्रस्ताव, मग पुरेशा लोकांनी 'आम्ही येऊ' अशी हमी द्यायची, तेव्हा कुठे समूह चाचणीला उघडायचा.

सांजवारा:
आणि ऑर्कुट, ते जुनं समाजमाध्यम? तिथे कुणीही समूह काढायचा. आमच्या गावाच्या समूहात सहा महिने अकराच जण होतो. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त द्यायला त्यातलेच दोघं रात्री दीड वाजता पुण्यात हजर झाले. तेव्हा हमीची अट असती तर तो समूह निघालाच नसता.

कोराकागद:
समूह काढणं सोपं आहे हो. काढणारा गायब झाला तर काय? आमच्या दिवाळी अंकांच्या समूहात वर्षभर फक्त कर्जाच्या जाहिराती पडत होत्या. काढून टाकायचा अधिकार एकालाच, आणि तो फिरकत नव्हता. तीन महिने न दिसणाऱ्याचा समूह दुसऱ्याला द्या.

मोगरा:
तीन महिने?? बाळंतपणात मी चार महिने नव्हते. परत आले तर चार वर्षं वाढवलेला विणकामाचा समूह दुसऱ्याच्या हातात, आणि मी लिहून ठेवलेले टाक्यांचे सगळे धडे पुसलेले. मला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

कोराकागद:
म्हणून बाकीच्यांनी जाहिराती वाचत बसायचं का?

मोगरा:
आवाज चढवू नका. पहिल्या दिवसापासून दोन सांभाळकर्ते सक्तीचे करा, म्हणजे कुणाचं काही हिसकावायची वेळच येणार नाही.

कोराकागद:
दोघं असतील तर तीन महिन्यांची अट सोडतो. एकटा असेल तर नाही.

नदीकाठ:
मूळ मुद्दा राहिलाच. सांजवारा, गावांच्या समूहांना अट नको, एवढं मान्य. पाककृतींचा मात्र एकच.

सांजवारा:
मालवणी आणि खानदेशी एकाच भांड्यात? खानदेशी माणूस दुसऱ्या दिवशी फिरकणार नाही.