चहाची फ्रँचायझी : गल्ला भरतो, खिसा रिकामा

कर्वेनगरकर_काका : दीड वर्ष झालं, एका चहाच्या ब्रँडची फ्रँचायझी चालवतोय. विक्री महिन्याला २,४०,०००. कंपनीचा पोरगा येऊन पाठ थोपटतो, "काका, तुम्ही टॉपला!" रॉयल्टी, म्हणजे त्यांचं नाव वापरायची फी, ६ टक्के, तीही विक्रीवर. म्हणजे १४,४००, वर १८ टक्के जीएसटी. पावडर त्यांच्याकडूनच घ्यायची, बाजारापेक्षा किलोमागे ९० रुपये जास्त. गेल्या महिन्यात पोतं फोडलं तर निम्मा भुगा. फोटो पाठवला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. भाडं, पगार जाऊन हाती १९ हजार. करार वाढवू का?

जमाखर्च : गिऱ्हाइकाला ५ टक्के जीएसटी लावत असाल तर इनपुट क्रेडिट, म्हणजे तुम्ही भरलेल्या जीएसटीची वजावट, नाही. रॉयल्टीवरच्या जीएसटीचे २,५९२ तुमच्या खिशातून गेले. कंपनी विक्रीवर कमावते, तुम्ही नफ्यावर, म्हणून ती खूश. रॉयल्टी कमी करत नसतील तर पावडरीच्या भावावर अडून बसा.

वारज्याची_मिसळ : माझ्यापासून तीन चौक सोडून त्यांनी दुसरं दुकान दिलं. करारात हद्दच लिहिली नव्हती! आपल्याकडे फ्रँचायझीचा वेगळा कायदा नाही, १८७२ च्या करार कायद्यावरच सगळं.

कर्वेनगरकर_काका : सोडलं तर दोन वर्षं चहा विकायचा नाही, असंही कलम आहे.

जमाखर्च : करार संपल्यावर असलं बंधन करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही; धंदा करू न देणारी अट ते रद्द ठरवतं. तरी वकिलाला दाखवा. त्यांचं नाव, पाटी मात्र उतरवा.

कर्वेनगरकर_काका : पाटीचे ३८ हजार मीच भरलेत हो!