भावाने विश्वास सोडला आहे. हे दुःख कसे वाहावे?

भायखळ्याची भगिनी:
सर्वांना सलाम. मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच ख्रिस्ती मंडळीत वाढलो, पण गेली सात वर्षे तो उपासनेला आलेला नाही, आणि या नाताळात आईने विचारले तेव्हा आपला यावर विश्वास राहिलेला नाही, असे त्याने शांतपणे सांगितले. आईच्या औषधपाण्याकडे तो माझ्याहून अधिक लक्ष देतो, त्यामुळे त्याच्यावर रागावताही येत नाही. तारणाचे गीत सुरू झाले की माझा कंठ दाटून येतो. असे रडणे ही माझ्याच विश्वासाची उणीव आहे का?

दादरचे निवृत्त पाळक:
ताई, ख्रिस्ताच्या प्रीतीपासून आपल्याला काहीही वेगळे करू शकत नाही, अशा ठाम शब्दांत बायबलमधील, प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय संपतो, आणि नववा सुरू होताच तोच पौल आपल्या रक्ताच्या नातलगांसाठी अखंड वेदना होत असल्याचे लिहितो. तेव्हा ही उणीव कशी म्हणावी? यरुशलेम पाहून प्रभूही रडला. संत मोनिकेने आपला पुत्र, पुढे संत झालेल्या ऑगस्टीनसाठी वर्षानुवर्षे अश्रू गाळले आणि 387 साली त्याचा बाप्तिस्मा पाहिला, हे खरे. मात्र तिच्या कथेवरून आपल्या घरासाठी मुदत ठरवू नका. मी स्वतः तसे केले होते आणि फार खचलो.

मुलुंडचा एक वाचक:
मी तुमच्या भावाच्या जागी आहे. आईचे दुःख मला कळत होते, परंतु प्रत्येक जेवणाला तोच विषय निघू लागला तेव्हा मी घरी जाणेच कमी केले. प्रार्थना अवश्य करा. फक्त त्याला तुमच्यासमोर पुन्हा पुन्हा उत्तर द्यायला लावू नका.

गिरगावच्या एक शिक्षिका:
1895 साली मुंबईत कवी नारायण वामन टिळकांनी हिंदू धर्म सोडून बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले होते. त्या पुढे स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण मधली वर्षे ताटातुटीची होती. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांसाठीही मागे राहिलेले कोणीतरी असेच रडले असेल. हे आठवले की विश्वास सोडणाऱ्याला कृतघ्न म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भायखळ्याची भगिनी:
आपणा सर्वांची मी आभारी आहे. शनिवारी तो आईला डॉक्टरांकडे नेणार आहे. मीही सोबत जाईन आणि त्या दिवशी हा विषय काढणार नाही. प्रार्थना मात्र चालूच राहील.