मदत हवी आहे: ॲनिमेटेड 'स्टार ट्रेक' खरा धरायचा का?

नाशिकला कॉलेज रोडवर 2 तासांचा शो ठरतोय. 'स्टार ट्रेक' या अंतराळकथेच्या 1973-74 च्या ॲनिमेटेड मालिकेचे 22 भाग आहेत, प्रत्येकी साधारण 24 मिनिटांचे. म्हणजे बसतील जेमतेम पाचच. 'स्टार ट्रेक'चे जनक जीन रॉडनबेरींनी पुढे ही मालिका अधिकृत कथेतून वगळली, त्यामुळे आमच्यात दोन तट. पण यानाचा कॅप्टन जेम्स कर्क याचं 'टायबेरियस' हे मधलं नाव आलं 'बेम' भागातूनच, ते कसं नाकारणार? त्याचा सहकारी स्पॉक याच्या बालपणाचा 'येस्टरइयर' तर हवाच.

उरलेले तीन कोणते? आणि क्रम कसा लावू? स्टारडेटने (कथेतल्या काल्पनिक तारखेने) लावला तर 1254.4 चा 'मॅजिक्स ऑफ मेगास-टू' पहिल्या भागाच्या (5221.3) आधी जातो, सगळाच घोळ. मूळ मालिकेतला यानाचा दिशादर्शक चेकॉव्ह यात नाही, त्याच्या जागी तीन हातांचा अ‍ॅरेक्स; नवख्यांना हे आधी सांगावं का?