हसू कशावर येतं आता? नागपूरकरांनो, लिहा

धागा काढायचं कारण आमच्या घरातला रिमोट. बाबांना हास्यजत्रा पाहिजे, पोरगा मोबाइलवर समय रैनाच्या जुन्या क्लिपा पाहते, बायकोला झाकिर खान, आणि तिघंही एकमेकांच्या आवडीले 'यात हसण्यासारखं काय आहे' म्हणतात. तर तुम्हाला कोणता स्टँडअपवाला किंवा स्टँडअपवाली आवडते, आधी ज्यावर हसायचे त्यावर अजूनही हसता का, असं सगळं लिहा. भांडण चालेल, फक्त जोक पूर्ण टायपून पाठवू नका, टायपलेल्या जोकवर कोणी हसत नाही.

माझंच आधी सांगतो. 2005 मध्ये ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज आलं तेव्हा आम्ही हॉस्टेलवर सगळे एका टीव्हीपुढे. सुनील पाल जिंकला, तो आपल्या हिंगणघाटचा, एहसान कुरेशी सिवनीचा, म्हणजे जबलपूर रोडनं निघालं तर चहाच्या टायमाले पोचते माणूस. हिंदी टीव्हीवर आपल्या बाजूचे लोकं असे स्टार झालेले आम्ही तेव्हाच पाहिले. राजू श्रीवास्तवच्या गजोधर या पात्रावरून तर मेसच्या महाराजाचं नावच गजोधर पडलं. आता यूट्यूबवर ते एपिसोड लावले की मिमिक्री अजूनही मस्त वाटते, पण तोतरा माणूस, जाडी बायको असं काही आलं की बोट आपोआप पुढे सरकवते. झाकिरचं पुढे सरकवता येत नाही, कारण त्याचा जोक सुरू कुठे झाला तेच समजत नाही, इंदोरचा कोणी दूरचा भाऊ ओट्यावर बसून घरचं सांगून राह्यला असं वाटते आणि मधेच आपण हसलेले असतो.

चला, आता तुम्ही.

महालातून, निवृत्त:
आम्ही जी रात्र रात्र कविसंमेलनं ऐकलेली माणसं. सुरेंद्र शर्मा माइकसमोर यायचे, चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही, नुसतं 'चार लाईणा' म्हटलं की अर्धा मंडप आडवा. सगळं घराळीवर, म्हणजे बायकोवर. आमची ही बाजूलाच असायची. ती हसायची की नाही हे मी काही वळून पाहिलं नाही, पण सुपारी कातरायचा आवाज काही थांबायचा नाही.

माझ्या मनातला नंबर एक मात्र मिर्झा रफी अहमद बेग, मिर्झा एक्सप्रेसवाले. विषय काय, तर पाऊस, कर्ज, पुढारी, नवरदेवाचे नखरे, आणि सगळं अस्सल वऱ्हाडीत. त्यांना शिवी लागली नाही कधी. आता नातू मला रोस्ट दाखवते, म्हणजे एखाद्याला धरून त्याची टिंगल करायचा शो. मी त्याला म्हटलं बाबू, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासंग मारबत पाहायला चाल. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठाले पुतळे, इंग्रजाच्या राज्यापासून मिरवणुकीनं निघून राह्यले, त्याच्यामागे बडगे, म्हणजे माणसांचे पुतळे, आणि बडग्यांवर पाट्या. महागाई, भ्रष्टाचार, जो कोणी त्या वर्षी डोक्यात गेला असेल तो, दिल्लीपासून गल्लीपर्यंत कोणी सुटत नाही. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत गावभर फिरवायचं आणि जाळून टाकायचं. नागपुरात रोस्ट तुमच्या मोबाइलच्या आधीपासून आहे, आणि तोही बिना शिवीचा.

धंतोली:
काका, सगळं मान्य, पण बडग्यावरच्या पाट्या तुम्ही चष्मा लावून वाचल्या नाहीत वाटते. शिव्या असतात जी.

मिहानमध्ये नोकरी, राहायला मनीषनगर:
आमच्या फॅमिली ग्रुपवर नवरा-बायको जोकचा रोजचा रतीब आहे. काका टाकतात, मग दुसरे काका हसतात, मग एक आत्या गुलाबाचं फूल टाकते. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांवर तो जोक असतो आणि ते निम्मे लोक तेव्हा सकाळचे डबे करत असतात, त्यामुळे उत्तर कोणी देत नाही. वरच्या काकांच्या सुपारीवरून आठवलं म्हणून लिहिलं, राग मानू नका.

मला उरूज अश्फाक आवडते. 2023 ला तिला एडिंबराच्या कॉमेडी महोत्सवात नवोदितांमधलं बक्षीस मिळालं. आईबाबांचा घटस्फोट, थेरपी असल्या गोष्टी ती अशी सांगते की आपण हसतो आणि तिची कीवपण येत नाही, हे सोपं नाही. नवऱ्याला अमित टंडन आवडतो. तोही लग्नावरच बोलतो, पण त्याच्या गोष्टीत वेडा बहुतेक वेळा तोच ठरतो, म्हणून माझंही चालून जातं. आईसोबत मी एकदा बायकांची स्टँडअप लावली, पाळीबद्दल आलं तशी आई उठून कुकर बघायला गेली. नंतर ऐकते तर फोनवर मावशीला तोच जोक सांगून राह्यली होती, आणि पंच आधी सांगून टाकला.

धरमपेठ, ओपन माइक करतो:
बऱ्याच जणांना आतलं माहीत नसते म्हणून लांब लिहितो. नागपुरात ओपन माइक म्हणजे बहुतेक वेळा कॅफेची वरची खोली, समोर वीस-पंचवीस लोकं, त्यातले अर्धे स्वतःच कॉमेडियन, ते हसत नाहीत, ते आपला सेट मनात म्हणत असतात. प्रत्येकाला पाच मिनिटं, चौथ्या मिनिटाला मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात की आटप. मागे कॉफीचं मशीन घुर्रर्र करते आणि ते नेमकं पंचवरच करते. बॉम्ब झाला, म्हणजे कोणी हसलंच नाही, तर खाली उतरून रस्त्यावर सिगारेटवाल्यांत उभं राहायचं, तिथे सगळे म्हणतात 'मटेरियल चांगलं होतं भाऊ, क्राउड थंड होता', हे सगळे सगळ्यांनाच म्हणतात.

आता आवडीचं. सुरुवातीला मी बस्सी आणि उपमन्यु हे हिंदी स्टँडअपवाले ऐकून ऐकून त्यांच्यासारखंच बोलायला लागलो होतो, म्हणजे बजाजनगरचा पोरगा आणि सूर उत्तर भारतातला. माझ्यासारखे तेव्हा पुष्कळ होते, प्रत्येक शहरात असतीन. मग मराठीत सुरू केलं, भाडिपा या मराठी चॅनलनं मराठी स्टँडअप यूट्यूबवर आणलं तेव्हापासून डोक्यात होतंच. पुण्यात एक स्पॉट मिळाला, तिथे नुसतं 'काऊन बे' म्हटलं आणि हॉल फुटला. 'मी येऊन राह्यलो' म्हटलं, पुन्हा हशा. वाटलं आपण तं स्टार झालो. तोच सेट नागपुरात केला, एक माणूस हसला नाही. कारण इथं सगळेच येऊन राह्यले, सगळेच जाऊन राह्यले, त्यात जोक कुठे आहे? तेव्हा उजेड पडला की पुण्यात लोकं जोकवर नाही, बोलण्याच्या ढंगावर हसत होते.

तेव्हापासून टीव्हीवर वऱ्हाडी बोलणारं पात्र आलं की मी एक टेस्ट करतो, हेच वाक्य पुणेरीत म्हटलं तर हसू येईन का? भारत गणेशपुरे या टेस्टमध्ये आरामात पास होतात, चला हवा येऊ द्या मधला त्यांचा थांबून थांबून बोलायचा टायमिंग कोणत्याही भाषेत चालला असता. बाकी पुष्कळ ठिकाणी मात्र गावंढळ दाखवायचं असलं की आमची बोली काढतात, मोलकरीण, पाटलाचा गडी, वेंधळा नवरदेव. आता मी नागपुरात हसला तरच जोक ठेवतो. पुण्यात थोडं कमी हसतात, ठीक आहे.

आणि हो, क्राउड वर्क, म्हणजे समोरच्या प्रेक्षकांशी बोलून तिथंच जोक काढणं, मला आवडत नाही. रील्ससाठी सगळे करून राह्यले, कारण लिहिलेला जोक एकदा इंटरनेटवर टाकला की जळला, क्राउड वर्क मात्र दर शोला नवीन मिळते आणि त्याच्यावरच तिकीट विकल्या जाते. धंदा म्हणून समजते मला. पण समोरच्याला 'क्या करते हो' विचारून त्याच्या नोकरीवर हसणं, हे तर पानठेल्यावर फुकटात होते.

सदर:
जॉनी लिव्हर. हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात सोबतच्या कामगारांना हसवणारा माणूस. विषय संपला.

रामदासपेठ:
भाषेचा मुद्दा पटला पण एक जोडतो. पुलंनी मुंबईकर, पुणेकर, नागपूरकर असा लेख लिहिला तेव्हा नागपूरकराची टोपी उडवलीच होती की, पण तिघांचीही सारखीच उडवली, पुणेकराची तं जास्तच. आमच्या घरी ती कॅसेट लागली की वडील नागपूरकराच्या भागावर सगळ्यात मोठ्यानं हसायचे. मी अजूनही पुलंच ऐकतो, नवीन लोकांचं ऐकून पाहिलं, चांगले असतीन, मला दम लागतो त्यांच्या स्पीडनं.

इंदोरा:
मला लिहायचं नव्हतं, पण 'आधी ज्यावर हसायचे' हा प्रश्न वाचला म्हणून लिहितो. इंजिनिअरिंगला असताना रिझर्वेशनवरचे जोक रोज व्हायचे, कॅन्टीनमध्ये, लॅबमध्ये, फेअरवेलच्या स्टेजवर सुद्धा. सांगणारे मित्रच होते, वाईट नव्हते, परीक्षेच्या आदल्या रात्री नोट्स पण त्यांनीच दिल्या. मी हसायचो. न हसलं तर 'मनाले लावून घेते बे हा' होते, म्हणून सगळ्यात आधी हसायचो. त्याला विनोदाची आवड म्हणायची का, ते तुम्हीच सांगा.

बरं, हसायचं घरातच शिकलो मी. आजोबा जलशांच्या गोष्टी सांगायचे, आंबेडकरी जलशात सावकाराची, भटजीची अशी फिरकी घ्यायचे की बाया पदर तोंडाशी धरून हसायच्या. म्हणजे वस्तीत विनोद होताच, तो कॉलेजच्या कॅन्टीनपर्यंत पोचला नव्हता एवढंच. म्हणून आता अंकुर तांगडेला ऐकतो तेव्हा वेगळंच वाटते. बीडची पोरगी, जातीवर बोलते, स्वतःवर बोलते. 'ब्लू मटेरियल' नावानं ती, मनजीत सरकार वगैरे मिळून शो करतात. जात हाच विषय, पण इथे जोक सांगणारा आमच्यातला असतो, आणि बाजूच्या खुर्चीवरचा 'हसू की नको' म्हणून इकडेतिकडे पाहते. ते पाहायला मला जास्त मजा येते, खोटं कायले बोलू.

कामठी, शिक्षिका:
माझं थोडक्यात. टीव्हीवर पुरुषानं साडी नेसून बाई व्हायचं आणि मग तिच्या जाडीवर नाहीतर रंगावर पाच मिनिटं, हे मला आता बघवत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तेच वर्गात येते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे अंगानं मोठी, तिला पोरं टीव्हीतल्याच वाक्यानं चिडवतात, शब्दाला शब्द. हास्यजत्रेतलं समीर चौघुलेंचं काम मात्र आवडते, त्यांचा माणूस स्वतःच स्वतःच्या बोलण्यात अडकत जातो आणि हसायला दुसरं कोणी लागत नाही. पोरांनी त्यांची नक्कल केली तर मीही हसते.

प्रतापनगर:
आवड बदलली म्हणता, सांगणाऱ्यांचं काय झालं ते पण पाहा ना. 2015 ला एआयबी या कॉमेडी ग्रुपचा रोस्ट यूट्यूबवरून उतरवला, 2021 ला स्टँडअपवाल्या मुनव्वर फारूकीला इंदोरात अटक, 2025 च्या फेब्रुवारीत समय रैनानं त्याच्या 'इंडियाज गॉट लेटेंट' शोचे सगळे व्हिडिओ काढून टाकले, मार्चमध्ये कुणाल कामराच्या जोकवरून मुंबईचं हॅबिटॅट, म्हणजे जिथे स्टँडअपचे शो होत ती जागा, फोडलं. मला यातले सगळे आवडतात असं नाही, लेटेंटमधलं तं मला घाणच वाटायचं. पण घाण वाटलं की मी बंद करतो, हातोडा घेऊन जात नाही. आता नवीन पोरं लग्न, मम्मी-पप्पा, रूममेट, एवढ्यातच फिरतात, त्यांना दोष तरी कसा द्यायचा.

महालातून, निवृत्त:
धंतोलीवाल्यांना सांगायचं राहिलं, या वर्षी चष्मा लावून जाईन. आणि मनीषनगरच्या ताई, राग कायचा. हिला वाचून दाखवलं तुमचं. ती म्हणे 'त्यांनाच विचारा हसत होते का, मी तं सुपारी मोजत होती'.

त्रिमूर्तीनगर:
मधेच विचारते, सुरेश भट सभागृहात हिंदी स्टँडअप आहे, सासूबाई येतो म्हणतात. शिव्या असल्या तर चालते त्यांना, त्या स्वतः देतात. पण अजून काही?

धरमपेठ, ओपन माइक करतो:
न्या बिनधास्त. फक्त पहिल्या दोन रांगा घेऊ नका, तिथे क्राउड वर्क होते. त्यानं काही विचारलं आणि काकूंनी उत्तर दिलं तं त्याचा शो संपला.